दोन गाठींची चादर

४ फेब्रुवारी

शहाणे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. फोनवर का बोलत नाही म्हणून रुसू नकोस. आमच्या खोलीची भिंत म्हणजे नुसती फळी. पलीकडची शिंकली तर इकडे माझ्या कपातला चहा हलतो. तुझ्या भावाच्या आजाराचं नाव एकदा त्या फळीपलीकडे गेलं की संध्याकाळपर्यंत नळावर पोचेल. म्हणून कागद. शिक्षण माझं चौथीचं, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

आपला लंब्या त्याच्या गोळ्या घेतो. रोज जेवण झालं की माझ्यासमोर. पण गोळीने त्याचं डोकं गरगरतं, सकाळपर्यंत उतरत नाही. एकदा बंदरावर, वर क्रेनच्या खोलीत त्याला भोवळ आली, तेव्हापासून मुकादमाने खाली उतरवलं आणि हातात झाडू दिला. आभाळात बसून लोखंडाचे डबे उचलणारा पोरगा आता त्याच डब्यांमधला कचरा काढतो. काल एवढंच म्हणाला, "मावशी, खालून सगळंच आपल्यापेक्षा मोठं दिसतं गं."

हा रोग कुठून आणलास ते मी त्याला विचारलं नाही. विचारून काय तो परत जाणार आहे? पण कळलं ते उशिरा, पार बरगड्या मोजता येत होत्या तेव्हा, याचा राग आहे.

डॉक्टरला विचारलं, पुरता बरा कधी होणार? तो म्हणाला, गोळ्या चालू ठेवा. म्हटलं ते ऐकलं, पण कधीपर्यंत? म्हणाला, कायम. कायम म्हणजे? मेल्यावरसुद्धा का? सिस्टर हसली, डॉक्टर नाही हसला.

आता तुला विचारते. तुमची आई गेल्यापासून तुम्हा दोघांना मी वाढवलं. तू काय शिकतेस, कशाला शिकतेस, असं कधी विचारलं नाही, कारण मला कळणार नव्हतं. पण तू काम करतेस ते याच एचआयव्हीवर ना? मग सांग. तू तिथे दिवसभर करतेस काय? आणि त्याचा लंब्याला उपयोग किती? सरळ लिही, इंग्रजी झाडू नकोस.

मावशी

१९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिल्यांदाच विचारलंस, म्हणून नीट सांगते. लंब्यालाही वाचून दाखव.

हा व्हायरस म्हणजे खरं तर एक लांबलचक मजकूर. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच मजकुरात स्वतःचं पान घुसडून बसतो. मग पेशीतलं एक यंत्र त्या पानावरून सरकत जातं आणि त्याची नक्कल काढतं. ती नक्कल धाग्यासारखी असते, तिला आरएनए म्हणतात. यंत्र पुढे सरकतं, धागा मागून बाहेर पडतो. असे धागे निघाले की त्यांच्यापासून नवे व्हायरस तयार होतात.

आता गंमत ऐक. धाग्याचं टोक बाहेर आलं की ते सरळ राहत नाही. ते स्वतःवरच दुमडतं, केसांत लावायच्या आकड्यासारखं. हा आकडा पडतो तिथेच यंत्र अडखळतं. थोडं पुढे जातं, गळून पडतं. नक्कल अर्धवट राहते. म्हणून व्हायरसकडे स्वतःचा एक मदतनीस असतो. तो येऊन त्या आकड्याला धरतो आणि यंत्राला पुढे हाकतो. मग धागा शेवटपर्यंत निघतो.

मी जे करते ते एवढंच. त्या आकड्याला आधीच जाऊन चिकटेल असं काहीतरी शोधायचं, म्हणजे मदतनीसाला हात घालायला जागाच उरणार नाही. आणि मावशी, आम्हाला तसं सापडलंय! गेल्या महिन्यात पहिल्यांदा आम्ही ते पाहिलं. यंत्र दरवेळी आकड्यापाशी थांबतं. व्हायरस आत आहे, पण गप्प आहे. झोपलाय.

पण हे नीट ऐक. हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींत झालंय, माणसात नाही. माणसांपर्यंत यायला वर्षं जातील, कदाचित कधीच येणार नाही. लंब्या घेतो त्या गोळ्या वेगळ्या, त्या व्हायरसला नव्या पेशीत स्वतःचं पान घुसडूच देत नाहीत. गोळ्या चालू असेपर्यंत तो कोपऱ्यात पडून असतो. थांबल्या की काही आठवड्यांत उठतो. तेव्हा एकही गोळी चुकवायची नाही. चक्करेसाठी डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, त्यांना सांगा. काळजी घ्या.

तुझी शहाणी

६ मार्च

शहाणे,

पत्र मिळालं. जेवताना लंब्याला वाचून दाखवलं. तुला ठाऊक आहे, मी वाचते म्हणजे दगडावरून चालते, पण यावेळी तो ऐकत होता. घास हातात तसाच. "झोपलाय" इथपर्यंत आले आणि पोरगा हसला. मोठ्याने. ताटात हात आपटून म्हणाला, "ताईने झोपवला साल्याला!" किती महिन्यांनी हसला, मला तर डोळ्याला पदर लावावासा वाटला. तिथेच कागद मिटला. पुढचं दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी एकटीने वाचलं. तुझं नेहमीचंच, काळजी घ्या, हे करा, ते करू नका. ते आम्ही करतोच. गोळी बदलायचं डॉक्टरला सांगायला लंब्याला धाडलं, तो म्हणाला सांगितलं.

तुझा आकडा मला कळला हो. आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मोठा तापलेला रोलर आहे. ओली चादर त्याच्या तोंडाशी लावायची, पलीकडून कडक होऊन निघते. चादरीचा कोपरा जरा दुमडला की घोडं अडलं! चादर गोळा होऊन बसते, आवाज करते, मशीन बंद. म्हणून तोंडाशी एक बाई उभी ठेवतात, कोपरा सरळ करून चादर पुढे ढकलायला. ती बाई कोण? मी. म्हणजे त्या व्हायरसच्या कारखान्यात तुझी मावशी कामाला आहे म्हण. जाडीला हे सांगितलं (माझ्यासमोर उभी असते ती, पलीकडून चादर ओढणारी), तिला काही कळलं नाही, पण ती उगाच हसते, तशी हसली.

तू जेवतेस का नीट? फोटोत नाकच दिसतं नुसतं.

मावशी

२५ मार्च

प्रिय मावशी,

रोलरचं मी इथे सगळ्यांना सांगितलं. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आता भाषणात हेच सांगणार.

लंब्या हसला हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. इतकी वर्षं माझ्या कामाचा कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो हाच. त्यानेही मला निरोप धाडला: "ताई, त्याला अंगाई म्हणत राहा." वेडा!

इथे कामाचा डोंगर आहे, म्हणून थोडक्यात. गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

तुझी शहाणी

२ जून

शहाणे,

पत्राला उशीर झाला, धुलाईखान्यातल्या दोघी सोडून गेल्या, त्यांच्या वाटचं आम्हीच ओढतोय.

आनंदाची बातमी. लंब्या परत वर चढला! चक्कर गेली. दोन महिने झाले, डोकं अगदी स्वच्छ म्हणतो. मुकादमाने आधी त्याला सरळ रेघेवर चालून दाखवायला लावलं, मग सोडलं. त्या दिवशी घरी आला तो वाकूनच, दाराची चौकट त्याला पुन्हा ठेंगणी झाली होती. गोळ्या मीच दवाखान्याच्या खिडकीवरून आणते, डबी माझ्यासमोर उघडतो, तोंडात टाकतो, वर पाणी. तेव्हा तू "चालू आहेत ना" विचारायचं कारण नाही. मी काय डोळे मिटून बसते?

आणि शहाणाही झालाय. स्वतःचे कपडे स्वतः धुतो. मला हात लावू देत नाही. म्हणतो, मावशी, तू साऱ्या हॉस्पिटलचं धुतेस, घरी तरी नको. मी पहाटे कामाला निघते, परत येते तर दोरीवर त्याची चादर वाळत असते. रोज. शेजारीण म्हणते, असा पोरगा मला का नाही? म्हटलं, देते, पण माळ्यावर झोपवावा लागतो, आणि पाय बाहेर लोंबतात.

जरा वाळलाय. खोकतो, पण तिथे वाऱ्याबरोबर धूळ असते. तू आलीस की त्याला वर बसलेला दाखवते. खालून चिमणीएवढा दिसतो.

मावशी

१४ जून

मावशी,

हे वाचलंस की त्याच दिवशी त्याला हॉस्पिटलात ने. उद्यावर टाकू नकोस.

तो रोज चादर का धुतो? तू चादरी धुणारी बाई, तुला प्रश्न पडला नाही? झोपेत घामाने चादर भिजते म्हणून माणूस रोज चादर धुतो. आणि चक्कर आपोआप जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली असती तर डबी बदलली असती. डबी तीच आहे ना?

मी फोन केला. तो म्हणतो, "ताई, मस्त आहे," आणि खोकला दाबतो, मला ऐकू येतं. तुला फोन लावते तर तो कामावरच्या कपाटात वाजत पडलेला असतो.

त्याचे खिसे बघ.

तुझी

३ जुलै

शहाणे,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच तो गेला होता दवाखान्यात. स्वतः नाही, चौघांनी आणला. क्रेनवरून शिडीने उतरला म्हणे पुरता, शेवटच्या पायरीपर्यंत नीट. जमिनीवर पाय टेकला आणि बसला. उठेना.

खिसे बघ म्हणालीस. आमच्याकडे कपडा पाण्यात जाण्याआधी खिसा उलटा करायचाच, तो नियमच आहे. मी खिशातून दात काढलेत, अंगठ्या काढल्यात, एकदा तर मांजराची जिवंत पिल्लं. हजारांचे खिसे उलटे केले. घरातल्या एकाचे केले नाहीत, कारण तो म्हणाला हात लावू नको आणि मला बरं वाटलं. त्याच्या जाड पँटीच्या खिशाला आतून पांढरा थर आलाय, चुन्यासारखा. कोपऱ्यात अर्ध्या विरघळलेल्या दोन मिळाल्या. माझ्यासमोर तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि माळ्यावर चढता चढता रुमालात काढायचा. मी खाली भांडी घासत असायची.

दोन्ही फुफ्फुसांत हवा नाही, दुसराच काही आजार शिरलाय म्हणतात. नाकावर नळी आहे. काल शुद्धीवर होता तेव्हा विचारलं. ओरडणार होते, पण त्याचे पाय पलंगाच्या बाहेर आलेले दिसले, ते आधी चादरीने झाकले.

म्हटलं, "का रे असं केलंस?"

म्हणाला, "ताईने लिहिलं होतं ना, झोपलाय म्हणून. झोपलेल्याला रोज दगड कशाला मारायचा?"

"अरे, ते बशीतलं होतं."

"कसली बशी?"

त्याला बशी माहीतच नाही, शहाणे. बशी पुढच्या पानावर होती.

मग म्हणाला, "गोळी सोडली आणि चौथ्या दिवशी डोकं हलकं झालं. म्हटलं खरंच बरा झालो. मावशी, वरून पाणी किती लांबपर्यंत दिसतं, तुला कधी दाखवलंच नाही."

चादरी त्याच्या माझ्याकडेच येतात. ओल्या.

मावशी

११ जुलै

मावशी,

मी निघण्याची खटपट करतेय. हा देश सोडून परत इथे येण्याच्या परवानगीचा कागद अडकलाय, इथल्या कचेरीत रोज जाऊन बसते.

मला तुझा राग आलाय. लपवत नाही. मी लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं, एकही गोळी चुकवायची नाही. तू तिथेच का थांबलीस? दुसऱ्या दिवशी स्वतः वाचलंस, मग त्याला का नाही सांगितलंस? माझं लिहिणं म्हणजे "नेहमीचंच" का?

हे लिहून तासभर फिरून आले. आता पुढचं लिहिते. तू मला मार्चमध्येच कळवलं होतंस की कागद कुठे मिटलास. मी वाचलं होतं. मीही त्याच शब्दावर थांबले, मावशी. तो हसला, एवढंच मी वाचलं. "गोळ्या चालू आहेत ना" हे मी सगळ्यात शेवटी लिहिलं, दाराबाहेर पडताना दिवा विझवला का विचारतात तसं.

आणि आधी त्या पत्रातसुद्धा पानभर मी माझाच आनंद लिहिला. त्याच्या जिवाची गोष्ट शेवटच्या चार ओळींत.

त्याला सांग, मी येतेय. त्याला सांग, जागा झाला तरी परत झोपवता येतो, गोळ्या पुन्हा सुरू केल्यात ना? अशी माणसं उठून कामाला गेलेली मी पाहिली आहेत. हे आधी वाच त्याला. बाकीचं नको.

शहाणी

५ ऑगस्ट

शहाणे,

फोनवर जे सांगायचं ते जाडीने सांगितलं, माझ्याने झालं नाही. तुझा परवानगीचा कागद त्यानंतर मिळाला हे कळलं. आता घाई करू नकोस. तू जे कळवलंस ते त्याच्यापर्यंत पोचवलंय.

तुझं मागचं पत्र त्याला वाचून दाखवलं. तू सांगितलंस तेच आधी. "परत झोपवता येतो" म्हटल्यावर त्याने डोळे उघडले. मग बोटाने कागदाकडे दाखवलं. मला कळेना. नळी बाजूला करून म्हणाला, "पुढचं वाच." सगळं वाच म्हणाला. म्हणून वाचलं. तुझा राग वाचला, माझ्यावरचा. दिव्याचं वाचलं. शेवटच्या अक्षरापर्यंत. तो म्हणाला, "ताई उगाच रडते. तिला सांग, वर बसलो होतो." एवढंच. त्यानंतर बोलला नाही, पण अजून तीन-चार दिवस होता.

आता मी सांगते ते नीट ऐक. आमच्याकडे वॉर्डातून चादरी गाठोडं करून येतात. माणूस बरा होऊन घरी गेला तर चादरीच्या टोकांना एक गाठ. गेलाच तर दोन, म्हणजे ती आम्ही वेगळ्या उकळत्या पाण्यात टाकायची. त्या दिवशी मी कामावर होते. तू म्हणशील, का होतीस? पहाटे मला त्याच्यापाशी बसू दिलं नाही, नळ्या बदलायच्या आहेत म्हणाले, आणि खाली रोलर तापला होता. उभी राहिले. ढकलगाडी आली. मी हात घातला तर त्यात दोन गाठींचं एक गाठोडं. सगळ्या चादरी सारख्याच असतात, ओळखू येत नाहीत. पण पायाकडची बाजू फाटली होती, टाचांनी. त्याचे पाय कुठल्याच पलंगात मावले नाहीत. सिस्टर खाली मला सांगायला आली तेव्हा मी गाठ सोडत होते.

जाडी म्हणाली, दे इकडे, तू बस. दिली नाही. मीच उकळली, मीच पिळली, मीच रोलरला लावली. फाटक्या बाजूचा कोपरा दुमडत होता, आत जाईना. मशीन करकरली. मी तो सरळ केला आणि पुढे ढकलली. मी थट्टेत लिहिलं होतं ना तुला, त्या कारखान्यात मी कामाला आहे म्हणून.

रडायला लिहीत नाही, काम आहे म्हणून लिहितेय. जाडीचा नवरा लंब्याच्याच त्या गोळ्या घेतो. वर्षभर झालं, तिने आत्ता सांगितलं, मला, लंब्या गेल्यावर. त्याचंही डोकं गरगरतं. तिला माहीत आहे तू कोण ते. परवा खालच्या आवाजात विचारलं, "तुझी भाची काहीतरी झोपवायचं औषध करते ना गं? मग आमच्या यांना या गोळ्या किती दिवस?" मी तिच्या दंडाला धरून एवढ्या जोरात हलवली की ती भिंतीला लागली. मग पाणी पाजलं.

तिला पत्र लिही. तिला वाचता येत नाही, मीच वाचणार. आकडा, यंत्र, मदतनीस, सगळं लिही. ते लिहू नकोस असं मी म्हणणार नाही, तुझं काम खरं आहे आणि तो हसला तेही खरं आहे. पण पहिल्या ओळीत लिही, गोळी सोडायची नाही. दुसऱ्या ओळीतही तेच लिही. आणि पुढे कुठे आनंदाचं लिहिलंस तर त्याच्या खाली लगेच पुन्हा लिही, कारण मी तिथे थांबेन. मला माहीत आहे, मी थांबेन. समोरचा माणूस हसला की पुढचं वाचवत नाही.

तू आलीस की त्याची क्रेन बघायला जाऊ. मुकादम म्हणाला, बाईमाणसाला वर सोडत नाही. बघते मी कसा सोडत नाही.

त्या चादरीला जाडीने शिवण घातली. फेकायची नसते, हॉस्पिटलची आहे. घडी करून ढिगात ठेवली. आज ती कुठल्या वॉर्डात आहे, कुणाच्या अंगाखाली, मला माहीत नाही. रोज धुतलेल्या चादरी द्यायला वर जाताना प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी शिवण बघत जाते.

मावशी